तळ्याच्या वहीतले कोरे रकाने

कापडाचा धंदा करणाऱ्यांनी मासळीवर लेख लिहावा हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्यांनी जवाहरनगरच्या बाजारात दोन-चार हंगाम गल्ल्यावर बसून काढले आहेत त्यांना ते तसे वाटणार नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक तीन वाटांनी येते. आयुध निर्माणीचा पगारदार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. धानाचा शेतकरी दिवाळीनंतर, चुकाऱ्याचे पैसे हाती आले की येतो. आणि तळ्यावर जाळे टाकणारा ढीवर येतो तो फेब्रुवारी ते मे या काळात, म्हणजे तळ्यांचे पाणी उतरते व मासळी निघते त्या दिवसांत. लग्नसराईही तेव्हाचीच. लुगडी, धोतरजोड्या, सुटिंग-शर्टिंग आम्ही आधी उधार देतो आणि तळे विकले की वसुली करतो. अशा रीतीने तळ्यातला रोहू आमच्या खतावणीत असतोच, आम्ही त्याचे तोंड पाहिलेले नसले तरी.

काही वर्षांपूर्वी एका सहकारी संस्थेच्या सभासदांकडून आमची उधारी आली नाही. माणसे लबाड नव्हती. त्यांच्या घरच्या तीन पिढ्यांचा कपडा आमच्याच दुकानातून गेलेला होता. ठेक्याच्या अटीप्रमाणे त्यांनी मत्स्यबीज विकत घेतले होते, पुरवठादाराच्या पावतीवर आकडा पूर्ण होता, आणि प्राणवायू भरलेल्या पिशव्या पाळीवर मोजून तळ्यात सोडल्या होत्या. उन्हाळ्यात जाळे ओढले तेव्हा रोहू-कटला नावापुरता निघाला. आम्ही स्वतः तळ्यावर गेलो. वसुलीसाठी गेलो होतो असे म्हणणेच खरे, पण तिथले चेहरे पाहून तो विषय काढण्याची हिंमत झाली नाही. पाळीवर बसलेल्या एका वृद्ध ढीवराने जाळ्यातली हातभर लांबीची मरळ उचलून दाखवली आणि म्हटले, "सेठ, आमी बीज कुठं टाकलं? आमी तं मरळीले चारा टाकला."

हे एक वाक्य आमच्या डोक्यात घर करून बसले. पावतीवर बोटुकली लिहिलेले बीज पिशवीत त्याहून पुष्कळ लहान होते, ही झाली एक बाजू, आणि त्या पुरवठादाराचा हिशोब ज्याचा त्याने करावा. परंतु त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात याहून मोठी गोष्ट होती. तळ्याच्या ठेक्यात, संस्थेच्या ठरावात, कर्जाच्या अर्जात एकच आकडा असतो: बीज किती सोडले. त्या बीजाला खायला पाण्यात काय आहे, आणि त्या बीजाला खाणारे पाण्यात कोण आहे, हे दोन रकाने कोरेच. कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, नुसत्या खरेदीच्या आकड्यावरून वर्षाचा नफा सांगणारा मुनीम तो ठेवील काय?

भंडारा आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया, हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने बांधलेली ही तळी पुढे मालगुजारांच्या ताब्यात होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व तळी सरकारकडे आली, म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. पूर्व विदर्भात अशी तळी सात हजारांच्या घरात आहेत. त्यांचे पाणी धानासाठी व मासळी ढीवरांसाठी, अशी वाटणी कितीतरी पिढ्यांची आहे.

पूर्वी या तळ्यांत स्थानिक मासळी आपसूक होत असे. रोहू, कटला व मृगळ यांची गोष्ट निराळी. हे मासे वाहत्या नदीच्या पुरात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात, अंगुल येथे, माशांच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले. तो दिवस १० जुलै, आणि आजही हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हापासून बीज ही बाजारात मिळणारी वस्तू झाली. शोध मोठाच होता, त्याने लाखो घरांत चूल पेटली. पण त्यामुळे तळ्याचा हिशोब 'बीज घाला, मासळी काढा' इतका सोपा झाला असे सर्वांनी धरून चालले, ते मात्र चुकले.

इथे थोडे परदेशात जाणे भाग आहे, आणि वाचकांपैकी जे आडत्याचा धंदा करतात त्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा, कारण ही गोष्ट बाजाराच्या वहीतूनच निघाली आहे. पहिल्या महायुद्धानंतर उंबेर्तो द'अँकोना हा तरुण इटालियन जीवशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्रावरच्या बंदरांतील मासळीबाजाराचे जुने आकडे चाळीत होता. फ्यूमे बंदरात, जे आज क्रोएशियातील रिएका, १९१४ साली आलेल्या एकूण मासळीत शार्क व तिच्या कुळातील शिकारी माशांचा हिस्सा सुमारे १२ टक्के होता. १९१८ साली तो ३६ टक्क्यांवर गेला. १९२३ पर्यंत तो पुन्हा ११ टक्क्यांच्या खाली आला. युद्धाच्या वर्षांत मासेमारी कमी झाली होती. मग शिकारी मासाच का वाढला, त्याचे भक्ष्य त्या मानाने का नाही? त्याने हे कोडे आपल्या होणाऱ्या सासऱ्यांपुढे ठेवले. ते होते व्हितो व्होल्तेरा, त्या काळचे थोर गणिती.

व्होल्तेरांनी १९२६ साली दोन समीकरणे मांडली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. ज्याला आम्ही शाळेत रियाजी म्हणत असू त्यात आम्ही फार चमकलो नाही, तरी यातला व्यवहार कळतो. लहान मासा आपल्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि शिकाऱ्याशी गाठ पडेल तसा घटतो. शिकारी लहान माशाशी गाठ पडेल तसा वाढतो आणि एरवी उपाशी मरून घटतो. दोघांचे आकडे झोपाळ्यासारखे वर-खाली होत राहतात, एकाच्या मागोमाग दुसऱ्याचा. आता यात मच्छीमार आला आणि त्याने दोघांनाही सारख्या प्रमाणात पकडले, तर सरासरीने लहान मासा वाढतो व शिकारी कमी होतो. मच्छीमार घरी बसला की उलट. फ्यूमेच्या वहीने हेच दाखविले होते. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी अशीच समीकरणे स्वतंत्रपणे १९२५ मध्ये छापली होती, म्हणून दोघांचे नाव जोडून घेतात.

आता हे सूत्र जसेच्या तसे आपल्या तळ्याला लावू गेल्यास फसगत होईल. व्होल्तेरांच्या समुद्रात लहान मासा स्वतः पिल्ले घालतो. आमच्या तळ्यात रोहू पिल्ले घालत नाही. त्याची भरती पिशवीतून होते, वर्षातून एकदा, रोख पैसे मोजून. उलट मरळ तळ्यातच अंडी घालते, नर-मादी पिल्लांची राखण करतात, हवेतून श्वास घेता येत असल्याने पाणी आटले तरी ती चिखलात तग धरते. म्हणजे आमच्याकडे भक्ष्य विकतचे आणि भक्षक घरचे. हा झोपाळा एका बाजूने खिशाला बांधलेला आहे.

दुसरी गोष्ट, व्होल्तेरांनी लहान माशाचे अन्न अमर्याद धरले होते. तळ्यात ते मर्यादित असते. कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतीजन्य अन्नावर राहतो, मृगळ तळाशी कुजलेले वेचतो. प्रत्येकाचे ताट ठराविक. आणि खाण्याच्या एका पायरीवरून वरच्या पायरीवर ढोबळमानाने दहावाच हिस्सा पोचतो, हे अमेरिकेतल्या एका तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये दाखविले. किलोभर मरळ म्हणजे तिच्या पोटात गेलेली सुमारे दहा किलो लहान मासळी.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी धरले आहेत, कोणत्याही खऱ्या तळ्याचे नाहीत. समजा तळे १० हेक्टर आणि बीज सोडले ५०,०००, इंचभर लांबीचे. तळ्यात मोठ्या मरळी २००, प्रत्येकी दिवसाला दोन पिल्ले खाते. दिवसाचे ४००, शंभर दिवसांत ४०,०००. राहिले १०,०००, आणि तोवर ते मरळीच्या तोंडात न मावण्याइतके वाढले. इथपर्यंत ऐकून संस्थेचा अध्यक्ष म्हणेल, मारा सगळ्या मरळी. थांबा. आता अन्नाचा रकाना भरा. समजा त्या पाण्यातले अन्न वर्षाला २,००० किलो रोहू-कटला पोसू शकते. ५०,००० च्या ५०,००० जगले असते तर दर मासा ४० ग्रॅमचा निघाला असता, त्याला बाजारात कुत्रे विचारीत नाही. १०,००० उरले म्हणून तो २०० ग्रॅमचा झाला. ४,००० च उरले असते तर ५०० ग्रॅमचा झाला असता. तळ्याचे एकूण वजन तेच, पण अर्धा किलोच्या रोहूचा भाव आणि पावशेराहून हलक्या रोहूचा भाव यांत किती अंतर असते ते भंडाऱ्याच्या कोणत्याही आडत्याला विचारा.

म्हणजे मरळीने ४०,००० पिल्ले खाल्ली हे नुकसान होते की नव्हते? आमच्या मते नुकसान त्या आधीच, खरेदीच्या वेळी झाले होते. ज्या पाण्यात चार-पाच हजारांचे अन्न होते त्यात पन्नास हजारांची भरती केली, आणि तीही मरळीच्या घासाच्या मापाची. त्याऐवजी चार इंची बोटुकली पाच-सहा हजार घेतली असती तर नगास दाम जास्त पडला असता पण बहुतेक सर्व मरळीच्या तावडीतून सुटली असती. जलाशयात चार इंचांहून मोठी बोटुकलीच सोडावी असे मत्स्यशास्त्रज्ञ सांगत आले आहेत ते याच कारणाने. कपड्याच्या धंद्यातही हेच आहे. दुकानात जागा शंभर थानांची असताना पाचशे थाने उचलणारा व्यापारी स्वस्त भावाच्या आनंदात बुडतो.

आणि मरळीला शत्रू समजणाऱ्यांनी तिचा भावही पाहावा. जिवंत मरळ रोहूपेक्षा पुष्कळ चढ्या दराने जाते. ज्या चिंगळ्या मासळीला कोणी गिऱ्हाईक नाही तिचे रूपांतर ती महाग मालात करते. प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे. कॅनडाचे सी. एस. हॉलिंग यांनी १९५९ मध्ये दाखविले की शिकाऱ्याच्या भुकेला हद्द असते, भक्ष्य कितीही वाढले तरी तो दिवसाला ठराविकच खातो. त्यामुळे बीज थोडेथोडे करून महिनाभर सोडत राहणे म्हणजे मरळीला रोज ताजे ताट वाढणे होय. एकदम सोडले तर तिचे पोट भरूनही बरेच उरते. पुरवठादाराच्या सोयीने हप्त्याहप्त्याने बीज घेणाऱ्या संस्थांनी हे ध्यानात घ्यावे.

अन्न आटले की काय होते याचे जगातले मोठे उदाहरण पेरू देशाचे. तिथल्या अँकोव्हेटा या बोटभर माशाची पकड १९७० साली सव्वा कोटी टनांच्या आसपास होती, जगात कोणत्याही एका माशाची एवढी नव्हती. १९७२ मध्ये एल निनोने समुद्र तापला, खालून वर येणारे थंड पोषक पाणी थांबले, सूक्ष्म अन्न घटले. त्यातही बोटी चालूच राहिल्या, आणि १९७३ ची पकड वीस लाख टनांच्या आसपास आली. त्या माशावर जगणारे लाखो समुद्रपक्षी उपाशी मेले. तिथे मासेमारीची हद्द ठरविणारे तज्ज्ञ होते, सूत्रेही होती. ती सूत्रे अन्न दरवर्षी तेवढेच राहील असे धरून चालली होती.

आपल्याकडे अन्न कसे घटते हे पाहायला समुद्रापर्यंत जायला नको. तळ्यातल्या पाणवनस्पतींकडे पाहावे. पूर्वीची माणसे तळ्यातल्या गवताला माशाचे घर म्हणत. स्थानिक लहान मासे तिथे अंडी घालतात, किडे-अळ्या तिथे वाढतात, पिल्ले तिथे लपतात. १९५९ साली हाँगकाँगहून भारतात आणलेला गवत्या मासा पाणगवत साफ करण्यात वाकबगार. ज्या तळ्यात गवत माजले आहे तिथे तो उपयोगीच, पण जिथे ते बेताचेच आहे तिथे तो इतरांचे घर खातो. पाळीच्या कडेने बेशरम माजते आणि तळाचा गाळ कोणी काढत नाही, ते वेगळेच. गवत गेले की चिंगळी गेली. चिंगळी गेली की मरळ उपाशी, आणि उपाशी मरळीसमोर आपण पिशव्या उघडतो.

हे आमचे पुस्तकी म्हणणे नव्हे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने, ढीवरांनाच बरोबर घेऊन तळ्यांतले बेशरम काढणे, तळ नांगरणे आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे हे काम गोंदिया-भंडारा भागात वर्षानुवर्षे केले आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची हे तिथल्या जाळेवाल्यांनीच सांगितले. अशा तळ्यांत स्थानिक जाती परत आल्या व पकडही वाढली. पदवीधर नसलेल्या माणसाकडे दुसरा रकाना तोंडपाठ असतो, फक्त त्याला वही कोणी दिलेली नसते.

वैनगंगेचा प्रश्न उलट आहे. गोसीखुर्द धरणाची कोनशिला राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. त्याच्या फुगवट्यात आता एवढे पाणी आहे की तळ्याच्या मापाने विचार करणाऱ्या ढीवराचे जाळे तिथे तोकडे पडते. त्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये व कन्हानमधून वैनगंगेत उतरते. सांडपाणी हेही एका अर्थी खत. त्याने शेवाळ व जलपर्णी फोफावते, आणि ती कुजली की पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. अन्न अति झाले की रोहूचा श्वास कोंडतो, मरळ मात्र वर येऊन हवा घेते व तरते. म्हणजे पाणी घाण करणारे नकळत मरळीच्या बाजूने कौल देत आहेत. याला मत्स्यबीजाच्या पिशव्या हा इलाज नाही.

आता आमची सूचना. हवाई बेटांजवळच्या सागरी भागासाठी जेफ्री पोलोव्हिना यांनी १९८४ मध्ये 'इकोपाथ' नावाची पद्धत मांडली. हा निव्वळ ताळेबंद आहे. प्रत्येक जातीपुढे जमेला तिची वाढ, खर्चाला कोणी तिला किती खाल्ले, माणसाने किती पकडले आणि काय शिल्लक राहिले. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कुठेतरी नोंद चुकली आहे किंवा कोणीतरी आपल्या नकळत खात आहे. आमच्या व्यापारी वाचकांना हे शिकवायला संगणक लागणार नाही, संध्याकाळी गल्ला मोजताना ते हेच करतात.

परंतु ताळेबंदाला नोंदी लागतात, आणि इथे दोष मासळीच्या व्यापाऱ्यांचा आहे. वही त्यांचीच असते. त्यांच्या वहीत रोहू, कटला, मरळ यांची नावे सापडतात, बाकी सर्व 'चिल्लर' या एका शब्दात जमा. ज्या चिल्लरवर मरळ पोसते, जी नाहीशी झाली की तळ्याचा अन्नाचा रकाना रिकामा झाला असे समजावे, तिच्या दहा-पंधरा जाती एका शब्दात गेल्या. फ्यूमेच्या आडत्यांनी शार्क व इतर मासळी एकाच नावाखाली लिहिली असती तर व्होल्तेरांना काहीच दिसले नसते. संस्थांनीही बीज किती सोडले याबरोबर ते किती लांबीचे होते, निघालेला मासा किती ग्रॅमचा, मरळी किती व केवढ्या, हे दर जाळ्याला लिहावे. ठेका देणाऱ्या अधिकाऱ्यांनी बीजाच्या आकड्यासोबत ही वही मागावी. दंडासाठी नव्हे, पुढील वर्षाचे बीज ठरविण्यासाठी. आज एकाच मापाने सर्व तळ्यांना हेक्टरी बीज मोजतात. गवताने भरलेले तळे आणि उघडे पडलेले तळे त्यांना सारखेच.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे की ढीवराला रोज जाळे ओढून पोट भरायचे असते, तो कसला लिहितो. आक्षेप खोटा नाही. दिवसाची मजुरी बुडवून कोणी शास्त्र करीत नाही. पण लिहिणारे घरोघर आहेत, त्यांच्या मुली कॉलेजात जातात, हे आम्हांला कॉलेजचे ड्रेस मटेरियल विकून ठाऊक झाले आहे.

गेल्या दसऱ्याला आम्ही दुकानच्या वह्या बांधून घेतल्या तेव्हा त्याच लाल खारव्यात पाच वह्या जास्तीच्या बांधविल्या. सहा रकाने आखून घेतले: तारीख, जाळे, मासा, लांबी, वजन, आणि पोटात काय निघाले. ज्या संस्थेची उधारी बुडाली असे आम्ही वर म्हटले, तिच्या सचिवाने त्यांतली एक नेली. तिचे पहिले पान त्यांच्या मुलीच्या अक्षरात भरले आहे. सातव्या ओळीत एका पाऊण किलोच्या मरळीपुढे शेवटच्या रकान्यात लिहिले आहे: 'रोहू, बोटभर, तीन. झिंगे. एक बेडूक.'